ताई, खेळू ना आज?

शाळेच्या व्हॉलीबॉल संघात मी चार वर्षं होते. त्यातली साडेतीन बाकावर गेली. बाकावर बसणाऱ्याला एक खोड लागते: चेंडू सोडून माणसं बघत राहायची. कोण उडीवरून उतरताना एकाच पायावर भार टाकतंय, कोण सर्व्हिस झाल्यावर हळूच खांदा चोळतंय, कोण पाणी प्यायच्या निमित्ताने कंबर धरतंय. यातलं कोणी बाहेर आलं तर आपला नंबर, एवढा सरळ हिशोब. म्हणजे माझ्या व्यवसायाची, खेळाडूंच्या फिजिओथेरपीची, मुळं दुसऱ्याच्या दुखापतीची वाट बघण्यात आहेत. हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही.

फिजिओथेरपीच्या वर्गात ‘मला स्पोर्ट्समध्ये जायचंय’ म्हणणारे आम्ही बरेच होतो. त्यातल्या निम्म्यांच्या गुडघ्यावर नाहीतर खांद्यावर टाक्यांचे व्रण होते. स्वतःला दुखापत झाली, कोणीतरी बरं केलं, आता आपण इतरांना करायचं, अशी त्यांची गोष्ट तयार असायची. माझ्याकडे दाखवायला व्रण नव्हता. मला फक्त मैदानाच्या कडेला बसायची सवय होती.

कागदावर हा रस्ता अगदी सरळ दिसतो. फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप, परवाना किंवा नोंदणी, मग क्रीडा शाखेतलं पदव्युत्तर शिक्षण. पदवी काही देशांत तीन वर्षांची आहे, काहींत चार-पाच. अमेरिकेत सहसा आधी दुसरी पदवी घ्यायची आणि वर डॉक्टरेट. पुढे इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ स्पोर्ट्स फिजिकल थेरपी ही जागतिक संघटना स्पोर्ट्स फिजिओला काय काय यायला हवं याची अकरा कौशल्यं सांगते. दुखापत टाळणं आणि तातडीचे उपचार तर त्यात आहेतच, पण संशोधन आणि उत्तेजकद्रव्यविरोधी कामही आहे. ही यादी मी पहिल्या वर्षी छापून भिंतीला लावली होती. तिसऱ्या वर्षी काढली, कारण त्या अकरात एकही अजून येत नव्हतं आणि रोज उठून ते वाचायचं जिवावर येत होतं.

पदवीच्या काळात खेळ जवळजवळ दिसतच नाही. पहिलं वर्ष शरीररचनाशास्त्रात गेलं. फॉर्मॅलिनचा वास केसांतून जायचा नाही. मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, मी इतक्या वेळा काढलं की आजही फोनवर बोलताना हातात पेन असलं तर तेच काढते. नंतर वॉर्ड सुरू झाले. पक्षाघात झालेल्या आजोबांना पलंगाच्या कडेला बसवणं, ऑपरेशननंतर छातीत कफ साठलेल्या बाईंना खोकायला लावणं, भाजलेल्या मुलाची आखडलेली बोटं रोज थोडी थोडी उघडणं. मी कुरकुर करायचे. मला धावपटूची पोटरी हवी होती आणि माझ्या वाट्याला अतिदक्षता विभागातली फुप्फुसं आली होती.

त्या कुरकुरीचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं. लांबचा विमानप्रवास करून आलेली एक खेळाडू पोटरी धरून आली. ‘गोळा आलाय ताई, जरा दाबून दे.’ दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या तर एकीचा घेर चांगला जास्त होता, हाताला गरम लागत होती आणि कुठे धडकल्याचं किंवा ताणल्याचं तिला आठवत नव्हतं. वॉर्डात असले पाय मी पाहिले होते. दाबून न देता तिला थेट डॉक्टरांकडे पाठवलं. खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. दाबून दिली असती तर काय झालं असतं, हा विचार मी त्या रात्री मुद्दाम केला नाही. आता नवीन मुलं ‘वॉर्ड कशाला, आम्हाला तर स्पोर्ट्स करायचंय’ म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही. ती पोटरी सांगते फक्त.

तिसऱ्या वर्षी एका फुटबॉल क्लबात मी फुकट काम करायला जाऊ लागले. फुकट म्हणजे अक्षरशः: पाण्याच्या बाटल्या भरायच्या, बर्फ आणायचा, आणि तिथल्या सीनियर फिजिओ मॅडमच्या मागे बॅग घेऊन उभं राहायचं. पहिल्याच सामन्यात एक मुलगा खाली बसलेला दिसला आणि मी बॅग घेऊन सुसाट धावत सुटले. तो बुटाची नाडी बांधत होता. मॅडमनी मला परत बोलावलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पंचांनी हात केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आणि धावायचं नाही, झपझप चालायचं. तू धावत आलीस की पडलेला खेळाडू घाबरतो आणि तुझा श्वास लागलेला असतो तेव्हा तुला त्याचा श्वास ऐकू येत नाही.

पुढची चूक हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एका मुलाचा पाय आत वळला. मॅडम दुसरीकडे होत्या. मी घोटा पाहिला, बाहेरच्या बाजूला सूज यायला लागली होती, हाडाच्या टोकावर दाबलं तर फारसं दुखलं नाही. तो एकच विचारत होता, ‘ताई, खेळू ना आज?’ मी त्याला चालायला लावलं. लंगडत का होईना, तो चालला. मी म्हणाले, ‘जमतंय ना? मग खेळ.’ पंधरा मिनिटांनी तो स्वतःच बाहेर आला. संध्याकाळी एक्स-रेमध्ये दिसलं की तळपायाच्या बाहेरच्या कडेचं हाड, पाचवं मेटाटार्सल, बुडाशी मोडलं होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ‘कुठे कुठे दाबून पाहिलंस?’ एवढंच विचारलं. मी स्वतःच्या घोट्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझा हात धरून बोट चार बोटं पुढे, पायाच्या कडेवरच्या उंचवट्यावर नेलं. ‘आणि इथे?’

ओटावा अँकल रूल्स मला पाठ होते. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये मांडले: प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे काढायची गरज नाही, पण घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालून सहा सेंटीमीटरपर्यंत आणि त्यांची टोकं, पाचव्या मेटाटार्सलचं बूड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड, यांपैकी कुठेही दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर काढायचाच. यातला ‘किंवा’ मी परीक्षेत लिहिला होता आणि मैदानावर विसरले होते. तो चार पावलं चालला म्हणून मी बाकीचं तपासलंच नाही. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती आजही आहे: खेळाडू बोलत असताना माझी बोटं ठरलेल्या क्रमानेच फिरतात, तो काहीही म्हणो. दुखतंय तिथे सर्वांत शेवटी.

याच काळात अजून एक धडा मिळाला, की शिकलेलं शिळं होतं. परीक्षेत आम्ही ‘राईस’ लिहिलं होतं: विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. हा शब्द डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केला. पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे जखम भरायला उलट वेळ लागू शकतो. २०१९ मध्ये ‘पीस अँड लव्ह’ अशी नवी आद्याक्षरं आली. त्यात बर्फ नाहीच. पहिल्या दिवसांत सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची घाई करू नका, दोनचार दिवसांनी भार द्यायला सुरुवात करा, आणि खेळाडूला काय चाललंय ते नीट समजावा, असा त्याचा रोख. बर्फाने दुखणं कमी होतं हे खरंच आहे, त्यामुळे माझ्या बॅगेत तो असतो. फक्त आता मी त्याला औषध म्हणत नाही.

पदवीनंतर लगेच संघ मिळत नाही. मी दोन वर्षं साध्या क्लिनिकमध्ये काढली. मान, कंबर, गुडघे, पुन्हा मान. त्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक माणूस सोडून.

तो हौशी धावपटू होता, टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, अकिलीस, महिनोन्‌महिने दुखत होती. मी त्याला अल्फ्रेडसनचा व्यायाम दिला. स्वीडनचे हाकन अल्फ्रेडसन हे स्वतः धावणारे शल्यविशारद. त्यांची स्वतःचीच अकिलीस दुखत होती आणि वरिष्ठ ऑपरेशनला तयार नव्हते. मग कंडरा तुटलीच तर ऑपरेशन करावंच लागेल, म्हणून ते दुखत असतानाही पायरीवर उभं राहून टाचा खाली सोडत राहिले, आणि कंडरा तुटायच्या ऐवजी बरी झाली, असं सांगतात. १९९८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन संच, वाकवून पंधराचे तीन, दिवसातून दोनदा. रोजचे १८०. बारा आठवडे.

हे कागदावर लिहून द्यायला मला दीड मिनिट लागलं. तो आठवड्याने आला आणि म्हणाला, ‘करतो मॅडम रोज.’ मी म्हटलं, माझ्यासमोर करा. अकराव्या वेळेस त्याची टाच अर्ध्यातच थांबू लागली. मग मी त्याच्याशेजारी पायरीवर उभी राहिले आणि बरोबरीने करू लागले. साठपर्यंत माझ्याही पोटऱ्या पेटल्या होत्या. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला वाटत होतं, की फिजिओचं कौशल्य हातात असतं: मसाज, सांधे हलवणं, टेपिंग. खेळाडूलाही तसंच वाटतं, कारण टेबलावर पडून राहायला सगळ्यांना आवडतं. पण कंडरेला भार लागतो आणि भार ज्याचा त्यालाच उचलावा लागतो. आपलं काम मोजायचं. उद्या सकाळी उठल्यावर आजच्यापेक्षा जास्त दुखलं, तर भार जास्त झाला. नाही दुखलं, तर वाढवायचा. एवढं साधं आणि एवढं कंटाळवाणं. ज्याला हा कंटाळा सोसत नाही त्याने या शाखेत येऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षं मात्र भरभर गेली. बायोमेकॅनिक्स, व्यायामाचं शरीरशास्त्र, संख्याशास्त्र. प्रबंधासाठी मी उडीवरून उतरणाऱ्या मुलींचे गुडघे आत झुकतात का, ते शेकडो चित्रफितींत फ्रेमगणिक पाहिलं. बाकावरची साडेतीन वर्षं तिथे कामी आली, असं म्हणायला हरकत नाही. संशोधन वाचायला मी तिथेच शिकले. ते पुढे इतकं उपयोगी पडलं की पदवीचं प्रमाणपत्र हरवलं तरी चालेल, पण ही सवय नको हरवायला.

याच दरम्यान मैदानावरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स केला. माझ्या मते कोणीही मैदानावर जाण्याआधी हा केलाच पाहिजे, आणि दरवर्षी-दोन वर्षांनी पुन्हा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल छाती दाबायची. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं की कळतं, आपण किती लवकर दमतो. विजेचा झटका देणारं एईडी यंत्र मैदानात कुठे ठेवलंय, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येणार, त्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, हे सामन्याआधी विचारायचं. झटक्याला उशीर होईल तसं मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ ला युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चेंडू जवळ येत असताना कोसळला, तेव्हा छाती दाबणं आणि एईडी दोन्ही मैदानावरच झालं. तो वाचला, पुन्हा खेळलाही. तो प्रसंग बघताना माझ्याबरोबरचे सगळे देवाचं नाव घेत होते आणि मी किल्ली कोणाकडे असेल याचा विचार करत होते.

डोक्याचा मार हा त्याहून अवघड प्रकार. हृदय बंद पडलं तर कोणी वाद घालत नाही. डोक्याला लागलेला खेळाडू मात्र उभा राहतो, हसतो आणि म्हणतो, मी ठीक आहे. त्याला मॅडॉक्स प्रश्न विचारायचे: आपण कुठल्या मैदानावर आहोत, आत्ता कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी होता, तो आपण जिंकलो का. वार आणि तारखेपेक्षा हे प्रश्न जास्त उपयोगी, कारण खेळाडूला तारीख एरवीही माहीत नसते. एका बचावपटूने मला पाचही उत्तरं बरोबर दिली, पण प्रत्येक उत्तराआधी तो क्षणभर माझ्या ओठांकडे बघत होता. मी त्याला बाहेर काढलं. नियम सोपा आहे: संशय आला की बाहेर, आणि त्याच दिवशी परत नाही. मग एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे अगदी पडून न राहता हलकी हालचाल, आणि पुढे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास देत, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण खेळ. त्यावेळचे प्रशिक्षक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. संघ हरला होता.

संघाबरोबरची पहिली नोकरी लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता ही टीव्हीवर दिसणार. प्रत्यक्षात माझा दिवस खेळाडूंच्या दोन तास आधी सुरू व्हायचा आणि दोन तास नंतर संपायचा. अकरा जणींचे घोटे टेप करायचे, तेही दिलेल्या वेळात आणि सुरकुती न पडू देता, कारण एक सुरकुती म्हणजे हाफटाइमला एक फोड. पगार क्लिनिकपेक्षा कमी होता. सुट्टी कधी मिळेल ते सामने ठरवायचे. आणि सगळ्यांत जास्त वेळ ज्यात जायचा ते काम कोणाला दिसतच नाही: वॉर्मअप. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा क्रम नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यातला नॉर्डिक व्यायाम, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहून जोडीदाराने घोटे धरायचे आणि आपण हळूहळू पुढे झुकत जायचं, मांडीमागच्या स्नायूंसाठी फार चांगला. पहिल्या आठवड्यात पाय इतके भरून येतात की मुली मला शिव्या घालतात. प्रशिक्षक म्हणतात वीस मिनिटं नाहीत. मी दहा मागून घेते, पुढच्या महिन्यात बारा. हे घासाघीस करण्याचं कौशल्य त्या अकरांच्या यादीत घालायला हवं होतं.

न घडलेल्या दुखापतीचं श्रेय कोणाला मिळत नाही. मागूही नये.

औषधांबाबत एक सांगते, कारण नवीन फिजिओ इथे गाफील असतात. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, नियमावलीत खेळाडूच्या बरोबरीने त्याच्या सोबतची माणसंही येतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं तर स्पर्धेच्या काळात चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण २०२४ च्या मार्चमध्ये टेनिसपटू यानिक सिनरच्या चाचणीत क्लोस्टेबोल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं, ते फिजिओच्या हातातून आलं होतं. फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर ते असलेला स्प्रे मारला होता आणि त्याच हातांनी मसाज केला होता. न्यायाधिकरणाने सिनरला दोषमुक्त ठरवलं, वाडाने अपील केलं, आणि शेवटी २०२५ च्या फेब्रुवारीत तडजोड होऊन त्याने तीन महिन्यांची बंदी स्वीकारली. ही बातमी वाचली त्या दिवशी मी माझी बॅग जमिनीवर उलटी केली आणि प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. माझ्या स्वतःच्या वापरातली दोन मलमं बॅगेतून कायमची बाहेर गेली.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव सांगत नाही. आमची मध्यरक्षक, एकोणीस वर्षांची. कोणीही धक्का न देता, दिशा बदलताना तिचा गुडघा आत गेला. आवाज मला कडेला ऐकू आला. मैदानावरच, सूज यायच्या आत, लॅकमन चाचणी केली: गुडघा थोडा वाकवून मांडी एका हाताने स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगीचं हाड पुढे ओढायचं. एका ठिकाणी ते अडलं पाहिजे. अडलं नाही. मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्यात बांधून ठेवणारा पट्टा, पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, गेला होता. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. माझा चेहरा अजूनही नीट शिकलेला नाही.

ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीमागची कंडरा काढून नवा लिगामेंट बसवला. पहिल्या आठवड्यांत आमची दोनच उद्दिष्टं होती: गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं. गुडघ्यात पाणी असेपर्यंत मज्जासंस्था त्या स्नायूला दाबून ठेवते. पेशंट जीव खाऊन प्रयत्न करतो आणि स्नायू हलत नाही. ती रडली, मी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ‘दाब, सोड, दाब, सोड’ म्हणत राहिले.

तिसऱ्या महिन्यात तिला एकदम बरं वाटायला लागलं. हा फसवा काळ. दुखत नाही, चाल सरळ, आणि आत बसवलेली कंडरा मात्र त्याच काळात कमकुवत असते, कारण शरीर तिची मोडतोड करून नव्याने बांधत असतं. ‘ताई, खेळू ना?’ सुरू झालं. पाचव्या महिन्यात दर आठवड्याला. सहाव्या महिन्यात स्पर्धेची बाद फेरी होती आणि विचारणाऱ्यांत प्रशिक्षकही होते, व्यवस्थापकही होते.

तेव्हा मला कागद उपयोगी पडला. अमेरिका आणि नॉर्वेतल्या संशोधकांच्या डेलावेअर-ऑस्लो गटाच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं होतं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं पुढे ढकललं तर दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटतं. मी तो आकडा फळ्यावर लिहिला. प्रशिक्षक सर म्हणाले, ‘म्हणजे तुम्हाला भीती वाटते.’ मी म्हटलं, ‘हो सर, तीही वाटते. पण फळ्यावर जे आहे ती भीती नाही.’ मग मी त्यांना तिची एका पायावरची उडी दाखवली. ऑपरेशन झालेल्या पायावर ती चांगल्या पायाच्या ७८ टक्केच लांब जात होती. किमान ९० हवेत. आणि त्यातही मेख आहे: सहा महिने न खेळल्याने चांगला पायही उतरलेला असतो, म्हणजे ज्या मापाशी तुलना करतोय ते मापच आखूड झालेलं. हे कळल्यावर मी प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही पायांची मापं हंगामाच्या सुरुवातीला घेऊन ठेवते. तेव्हा तिची नव्हती. ती माझीच उणीव.

स्पर्धा तिच्याविना झाली. ती दोन आठवडे माझ्याशी तुटक वागली, पण व्यायामाला आली. आठवा महिना, नववा महिना. वळणं, थांबणं, कोणीतरी अंगावर येत असताना चेंडू घेणं. दहाव्या महिन्यात एका पायावरच्या उडीचे चारही प्रकार ९५ टक्क्यांच्या वर, ताकद बरोबरीची, सूज नाही. मी फाइल बंद करून तिच्याकडे पाहिलं आणि तेव्हा लक्षात आलं, की गेला महिनाभर तिने मला काही विचारलेलंच नाही.

एसीएल-आरएसआय नावाची बारा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, मन परत यायला तयार आहे का ते बघायची. पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, असे प्रश्न. ती मी तिला खूप आधी द्यायला हवी होती. शंभरपैकी तिचे गुण चाळिशीत आले. आता ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं आणि ‘हो’ ऐकायला तिच्याकडे तयारी नव्हती. कुठल्याही वर्गात मला हे शिकवलं नव्हतं. शिकवलं असेल तर मी त्या तासाला बाकावरून खिडकीबाहेर बघत असेन.

आम्ही क्रीडा मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली. मैदानावर मी एकच केलं: ज्या वळणावर गुडघा गेला होता तेच वळण, त्याच जागी, रोज. आधी चालत. मग हळू धावत. मग पूर्ण वेगात, मग समोर मैत्रीण उभी करून. तिसऱ्या आठवड्यात तिने मैत्रिणीला चकवलं आणि पुढे निघून गेली, आणि परत येताना ‘ही माझ्याहून हळू झालीये’ असं काहीतरी पुटपुटली. मी वहीत तारीख लिहिली.

बारावा महिना चालू असताना एका साध्या साखळी सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांसाठी तिला उतरवलं. मी काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण चेंडू कुठे होता हे मला माहीतच नव्हतं. मी डावा गुडघा बघत होते. दोन वेळा चौथ्या पंचांनी मला रेषेच्या मागे व्हायला सांगितलं.

शिट्टी वाजल्यावर ती घामाने निथळत थेट माझ्याकडे आली, बाटली हातातून ओढून घेतली.

‘ताई, रविवारी पूर्ण वेळ खेळू ना?’

‘उद्या सकाळी ये,’ मी म्हटलं, ‘पाणी साचलंय का बघू आधी.’